वैशाखाची पट्टी

बदनापूरला नरहरमामांच्या खोलीत बँडपैकी एवढेच उरले होते: सदतीस पट्ट्यांची एक पेटी, ती गळ्यात अडकवायचा चामडी पट्टा, एक फाटका ढोल आणि दोन लाल फेटे. पेटी उघडून मी आतले सूर मोजले. सूर म्हणजे पट्टी दाबली की थरथरणारी छोटी पितळी पाती. चौतीस शाबूत होते, तीन तुटलेले.

बँड सुरू झाला एकोणपन्नासच्या लग्नसराईत. मामा पेटीवर, त्यांचे दोस्त श्रीपतीकाका क्लॅरिनेटवर, रामकिसन ढोलावर. पहिली तीन वर्षे नुसत्या जेवणावर वाजवले. पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव चालत गेले. मग त्यांची एक पद्धत लोकांना आवडली. वेशीत वरात थांबली की ढोल गप्प राहायचा, आणि पेटी-क्लॅरिनेट एकाच सुरात, सावकाश, दोघेच. आज भोकरदनपासून अंबडपर्यंत सगळे बँड ढोल असाच थांबवतात. सुरुवात कुणी केली, ते कुणालाच ठाऊक नाही.

तालीम पौषात चाले, पहाटेच्या गारठ्यात. तेव्हाच मामा कानस घेऊन पेटीचे सूर क्लॅरिनेटला जुळवून घेत. लग्ने बहुधा गोरज मुहूर्तावर, संध्याकाळी हवा निवल्यावर असत, त्यामुळे निभावून जाई. छप्पन सालचे धावड्याचे लग्न मात्र वैशाखात, भर दुपारी होते.

"शिरपती, चढवून का वाजवून राह्यला? माझ्या पुढं पळायचंय का?" वेशीतच मामांनी विचारले.

"मी बराबर हाय. पेटीला तू हात लावला."

"नवरा-नवरीच्या आधी पेटी अन् पिपाणीचंच भांडण लागलं की," वऱ्हाडातले कुणी म्हणाले. सगळी वेस हसली. श्रीपतीकाका क्लॅरिनेट काखेत मारून निघून गेले आणि जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. बँड तिथेच संपला.

मी तेव्हा हैदराबादला शिकत होतो. यंदा बी.एस्सी. होऊन आलो आणि मामींकडून ही हकिकत ऐकली. लगेच जालना गाठले.

"हवा तापली की क्लॅरिनेटचा सूर चढतो," मी श्रीपतीकाकांना सांगितले. "पेटीचा उलट किंचित उतरतो. त्या दिवशी चुकलं कुणीच नव्हतं."

"म्हंजे त्यानं पेटी बिघडवली न्हाई?"

"नाही."

ते कपड्यावरचा कापूस वेचत राहिले. "चार वर्सं त्याच्या दारावरून गेलो, पन वर बघितलं न्हाई." मग म्हणाले, "रविवारी येतो. जल्दीच यावं लागंल. समोरचे दोन दात हलून राह्यलेत. ते गेले की क्लॅरिनेट तोंडात ठरत न्हाई. उन्हाळा काही गाठत न्हाईत."

रविवारी सकाळी ते आले. पौष होता. मामींनी चहा दिला.

"पान खातो?" मामांनी विचारले.

"वाजवायचंय ना."

मामांनी पेटी पुढे ओढली, पण भाता सोडला नाही. "तू गेला अन् तुझा त्या दुपारचा सूर डोक्यात बसल्ता," ते म्हणाले. "सगळी पेटी त्याच्यावर चढवून ठेवली. कधी आलाच, तर पेटी कमी पडली म्हनू नये."

"मामा, आता उतरवता येईल?" मी विचारले.

"सूर घासून घासून कागद झालेत. तीन त्यातच तुटले."

श्रीपतीकाकांनी क्लॅरिनेट ओठाला लावले. दोघांनी षड्ज धरला. दोन सूर जुळले नाहीत, तर एकत्र आवाज लाटेसारखा फुगतो आणि ओसरतो. त्या लाटा मोजता येतात. श्रीपतीकाकांचा दम पुरला तोवर कुणीच थांबले नाही. मी घड्याळ धरून मोजल्या.

तापमान सोळा अंश. पेटी वैशाखातली, वर; क्लॅरिनेट पौषातले, खाली. लाटा सेकंदाला पाच.