विषय क्रमांक सात

"हा आता फोन आपटणार," मी म्हटलं, आणि पडद्यावरच्या बँकप्रमुखाने खरंच फोन भिंतीवर आपटला. धाकट्या बहिणीने उशी छातीशी घट्ट धरली.

"ताई, तू ही मालिका आधीच पाहिलीयेस का?"

"नाही गं. पण पाच भागांत तीन फोन फुटलेत. यांना फुकट मिळत असावेत."

बहीण रोज दुपारी जेवणं आटोपून माझ्याकडे येते, ती असल्या मालिका बघायला. बँका बुडतात, सरकारं पडतात, काचेच्या खोल्यांत सुटातली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. तिचा जीव टांगणीला लागतो, मी ढिम्म. एकतीस वर्षं मी एका बँकेत स्टेनो होते. संचालकांच्या सभेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळं बोलणं टिपायचं आणि मग इतिवृत्त टाइप करायचं, हे माझं काम. आमची बँक बुडवणारा निर्णय झाला तेव्हा मी त्या खोलीतच होते. कुणी साधा आवाजही चढवला नव्हता.

"दगडाला पाझर फुटेल, पण तुला नाही," बहीण म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सत्तरीच्या एक बाई होत्या. जिना चढून धाप लागलेली.

"तुम्हीच ना स्टेनोबाई? मी मास्तरांची बायको."

मास्तर म्हणजे आमचे एक संचालक. शाळेतून निवृत्त झालेले, सभेत बहुतेक वेळ गप्प. बँक बुडाल्यावर चौकशीत इतरांबरोबर त्यांचंही नाव आलं, आणि ज्यांच्या ठेवी अडकल्या त्या शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. गेल्या महिन्यात मास्तर गेल्याचं कळलं होतं. मी भेटायला गेले नव्हते.

त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं. बाहेर मालिका चालूच होती.

"एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "मंत्र्यांच्या साडूला ते मोठं कर्ज दिलं ना, त्या सभेत हे काही बोलले होते का? हे म्हणायचे, मी विरोध केला होता."

मला आठवावंसुद्धा लागलं नाही. विषय क्रमांक सात. पावणेपाच वाजले होते, सगळ्यांना घरी जायची घाई. अध्यक्षांनी विषय वाचला आणि मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "हे कर्ज बुडणार. माझा विरोध लिहून घ्या." मालिकेत असतं तर इथे संगीत थांबलं असतं. आमच्याकडे कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मसुद्यातल्या त्या दोन ओळींवर पेन्सिलीने काट मारली आणि पान पुन्हा टाइप करायला सांगितलं. मी केलं. 'सर्वानुमते मंजूर.' पुढच्या सभेत ते इतिवृत्त कुणी न वाचताच कायम झालं.

"बोलले होते," मी म्हटलं. "माझा विरोध लिहून घ्या, असं म्हणाले होते. मी लिहिलंही होतं. मग काढलं."

"काढलं?"

"अध्यक्षांनी सांगितलं. पण हात माझेच."

मी कागद शोधायला उठले. "लिहून देते, वहिनी. सहीनिशी. चौकशीवाल्यांना दाखवा. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे."

"आता कोण वाचणार ते? ज्यांनी वाचायला हवं होतं ते गेले." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "चौकशीची नोटीस आली तेव्हा सोबत त्या सभेच्या कागदांची प्रत होती. मीच ती यांच्यापुढे धरली. म्हटलं, इथे तर सर्वानुमते लिहिलंय. लोकांना काय सांगायचं ते सांगा, घरात तरी खरं बोला. त्यानंतर यांनी तो विषय काढला नाही. सहा वर्षं."

"ताई, लवकर ये! मंत्र्याला पकडलं!" बाहेरून बहीण ओरडली.

माफी मागायला हवी, एवढं मला कळत होतं. शब्दही माहीत होते. पण आत काही हललंच नाही, आणि नुसतं तोंडदेखलं बोलायची लाज वाटली. मी कागद हातात धरून उभी राहिले.

त्या उठल्या. दाराशी भिंतीचा आधार घेऊन चपला घातल्या. मग वळून म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, त्यात राग नव्हता:

"तुमचं टायपिंग फार सुबक होतं हो. पानभर एक खाडाखोड नाही. त्यामुळेच मला ते खरं वाटलं."

मी जिन्यातला दिवा लावला. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्या खाली गेल्या.