कपाट रिकामं, मी भरलेली

मित्रांनो, जरा वाकून पाहिलंत तर या पलंगाखाली एक निळी बॅग दिसेल. एक चाक लंगडं, मुठीला दोरा गुंडाळलेला, अंगावर बोटभर धूळ. ती मी. आता जुनी झाले आहे, पण दोन घटका बसा.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. शिवणयंत्राच्या सुईने मला इतकं टोचलं, की पुढे विमानतळावरच्या आदळआपटीचं काही वाटलं नाही. दुकानात मला घ्यायला बाईंचे, म्हणजे माझ्या मालकिणीचे, बाबा आले. त्यांनी मला आडवं केलं आणि चक्क माझ्यावर बसून पाहिलं.

"अहो, बॅग आहे ती, बाकडं नाही," दुकानदार म्हणाला.

"मुलगी परदेशात शिकवायला चालली आहे. माझं वजन पेललं, तर तिच्या आईने भरलेलं सामानही पेलेल."

मी पेललं. तेवढा अभिमान मला आजही आहे.

समुद्र ओलांडून बाई आणि मी या खोलीत आलो. खिडकीतून शाळेचं पटांगण दिसायचं. कोपऱ्यात लाकडी कपाट होतं, पण बाई त्याला हातही लावत नसत. कपडे माझ्यातून काढायचे, धुऊन वाळले की घड्या करून पुन्हा माझ्याच पोटात ठेवायचे. कंगवा माझ्यात, साबणही माझ्यातच. सारखी उघडझाप करून माझी चेन कुरकुरू लागली.

फोनवर आई विचारायची, "बॅग रिकामी केलीस का गं?"

"करते गं, वेळच मिळत नाही."

वेळ होता, मित्रांनो. मन नव्हतं.

शाळेतून आल्या की पायांतले बूटही न काढता त्या येरझाऱ्या घालत. जेवणसुद्धा उभ्यानेच उरकत. भिंतीकडे बघून म्हणत, "तिकडे 'सांगा मुलांनो' म्हटलं की अख्खा वर्ग ओरडून उत्तर द्यायचा. इथे नुसते दगड बसलेत. प्रश्न विचारायचा आणि घड्याळाची टिकटिक ऐकायची. नको झाले असेन मी त्यांना."

मलाही परतीचीच ओढ होती. भरलेल्या बॅगेला दुसरं काय सुचणार?

शेवटी एका शनिवारी त्यांनी मला पलंगावर ओढलं. सोमवारी शाळेत सांगायचं आणि निघायचं, असं ठरलं. भरायचं काही नव्हतंच, नुसती चेन लावायची होती. ती अर्ध्यावर अडकली, आणि तेवढ्यात दार वाजलं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. त्यांची नात बाईंच्याच वर्गात होती. बाईंची विसरलेली छत्री द्यायला ती आली आणि मला बघून दारातच थबकली.

"बाई, तुम्ही चाललात?"

"चालले. तुम्हाला काय त्याचं? माझ्या वर्गात तुम्ही तोंड तरी उघडता का?"

पोरगी छत्रीशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही कुणाचं नावच घेत नाही ना."

"म्हणजे?"

"बाईंनी ज्याचं नाव घेतलं, त्यानेच बोलायचं. उगाच बोललं तर आगाऊपणा होतो. आम्ही वाट बघत बसतो. आजी म्हणते, बाईंना तुमची नावं आवडत नसतील."

बाई मटकन माझ्या शेजारी बसल्या. "आवडत नाहीत कशी गं? मला ती म्हणताच येत नाहीत. चुकले तर हसाल, म्हणून सगळ्यांना मिळून विचारते."

"हसू की," पोरगी म्हणाली. "मागचे सर पण बाहेरचे होते. त्यांनाही हसायचो. तेही हसायचे."

तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं. बाईंनी ते म्हटलं. "नाही." पुन्हा म्हटलं. "जवळ आलात." खालून काकूंचा आवाज आला, "अगं, छत्री द्यायला गेलीस की बाईंची शिकवणी घ्यायला?"

सोमवारपर्यंत या खोलीत एकच जप चालला होता. भांडी विसळताना, केस विंचरताना, खिडकीशी उभं राहून बाई एकेक नाव घोळवत होत्या. घरी आई देवाचं नाव घ्यायची, अगदी तशा. ऐकता ऐकता मला वाटलं, नाम कुणाचंही असो, मनापासून घेतलं की पलीकडून ओ येतेच.

सोमवारी बाई आल्या आणि त्यांनी आधी बूट काढले. मग आईला फोन लावला.

"पहिलंच नाव चुकलं, आई. वर्ग पोट धरून हसला. पण तो मुलगा उभा राहिला गं. उत्तर दिलं त्याने."

"बरोबर दिलं?"

"साफ चुकीचं. पण दिलं."

"मग आता बॅग?"

बाईंनी फोन खांद्याने कानाशी धरला. त्यांनी कपाटाचं दार उघडलं. स्वेटर, टॉवेल, अगदी तळाशी आईने दडवून ठेवलेली शाल, सगळं तिकडे गेलं. माझ्यात एक तुटकं बटण उरलं. इतकं हलकं होण्याची मला सवय नव्हती. कितीतरी दिवस आतून पोकळ वाटत राहिलं.

आता सुट्टीत घरी जायला बाईंनी नवी बॅग घेतली आहे. मी इथेच असते. वरून विमान गेलं की माझं लंगडं चाक अजून चुळबुळतं.

पण माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या शेजारी कुणी दुरून आलं असेल, तर त्याच्या पलंगाखाली अशीच एक भरलेली बॅग असेल. त्याला नाव विचारा. म्हणताना चुकलात तर हसा, आणि पुन्हा म्हणा. कुणी सांगावं, त्या संध्याकाळी तिकडे एखादं कपाट उघडेल.