काजव्याचा पत्ता

"नाव काय पोराचं?"

"नाव माहीत न्हाई, मॅडम."

"पोरगा हाय का पोरगी?"

तेही मन्मथला माहीत नव्हतं. नांदेडच्या क्लासच्या गल्लीतलं हे तिसरं होस्टेल होतं. आतून कपड्यांच्या साबणाचा वास येत होता. रेक्टरबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग काय माहीत हाय तुमाला?"

"गाणी ऐकतं. इंग्रजी, गिटारवाली. सीईटी दुसऱ्यांदा देऊन राहिलं."

"इथं समदेच दुसऱ्यांदा देतेत," बाई म्हणाल्या आणि फाटक लावून घेतलं.

मन्मथ लातूरच्या एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायचा. काम संपलं की त्याच कॉम्प्युटरवर तो इंटरनेटवरचा गाण्यांचा एक फोरम उघडायचा. कुठकुठची माणसं तिथं जमत. शिलाँगच्या चार पोरांनी घरातल्या घरात केलेली गाणी, केरळातल्या कुणा बँडची एकच निघालेली सीडी, असलं काहीबाही एकमेकांना देत. 'हे ऐक, तिसऱ्या मिनिटाला ड्रम थांबतो तिथं कान दे,' असं लिहीत. मन्मथ तिथं 'पत्रा' या नावानं होता. भूकंपानंतर त्याचं लहानपण पत्र्याच्या शेडमध्ये गेलं होतं, म्हणून पत्रा.

'काजवा' त्याला तिथंच भेटला. एकदा काजव्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'लाईट गेली, लई गरम होऊन राहिलं.' मन्मथ खुर्चीतून उठूनच उभा राहिला होता. एवढ्या मोठ्या जगात आपल्याकडचं कुणीतरी! पुढं वर्षभर दोघं रोज गाणी देत-घेत राहिली. नांदेडला क्लास आहे, एवढंच काजव्यानं सांगितलं; लातूरचा आहे, एवढंच मन्मथनं. नाव विचारायचं नाही, असा त्या फोरमचा रिवाज होता, आणि मन्मथला तो आवडायचाही.

मग परीक्षेनंतर काजवा कमी बोलू लागला. आणि काल लिहिलं, 'हे शेवटचं. माझी गाणी उद्या पुसली जातील. पाहिजेत ती उतरवून घ्या.'

त्यानंतर काही नाही. मन्मथनं विचारलं, विनवलं, स्वतःचा फोन नंबर टाकला. उत्तर आलं नाही.

भूकंप झाला, तो दुसरीत होता, तेव्हा मातीखालून कुणीतरी हाका मारत होतं. कोण ते कळत नव्हतं, कुठून ते कळत नव्हतं. थोरली माणसं तीनदा जागा बदलून उकरत होती. हाका थांबल्या तरी उकरत होती. पहाटेच्या नांदेड गाडीत बसताना त्याला तेच आठवलं.

"ए बाबा, हिकडं ये." होस्टेलच्या फाटकासमोरच्या दुकानातून एका बाईनं हाक दिली. सुलतानबी साड्यांना फॉल-पिको करायची. मशीन थांबवून तिनं स्टूल पुढं सरकवलं. "गिटारवाली गाणी म्हणलास ना? तू लातूरचा का?"

"हाव."

"मग ती पुनम. उमरीची. कुडते अल्टर करायला यायची. एकदा मोबाईलचं ते माझ्या कानाला लावलं तिनं. या अल्ला, पत्र्यावर गारा पडल्यागत आवाज! म्हणली, लातूरचा एक मैतर पाठवतो."

मन्मथ स्टुलावर बसला. "बरी हाय का ती?"

"बरी म्हंजे... आज लगीन हाय तिचं. तिचे वडील हणमंतराव स्वतः पत्रिका देऊन गेले." सुलतानबीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "जाशील तर जा. पण कोण, कुठला, हे तिथं सांगू नको. तुझं काय जातंय? तिचं जाईल."

उमरीच्या स्टेशनापासून मांडव दिसत होता. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. दारात हणमंतराव पाहुण्यांना गंध लावत उभे होते. शेतात रापलेला, मोठ्या हाडाचा माणूस.

"पाव्हणं कुठलं?"

"लातूरचा. क्लासमध्ये असतो." हे खोटं नव्हतं.

"सर का तुमी?" त्यांनी त्याचा हात धरून बाजूला नेलं. मन्मथला 'नाही' म्हणायला वेळच मिळाला नाही. "सर, पोरगी हुशार होती हो. पण तिच्या शेजारच्या खोलीतली पोरगी गेली. कशी गेली, ते तुमाला वेगळं सांगायला नको. मग हिचे मार्क कमी आले अन् ही बोलायचीच बंद झाली. मी अडाणी माणूस. डाक्टरला दाखवावं का देवाला न्यावं, काई सुचंना. घरी आणली. स्थळ आलं, दिलं करून. निदान जित्ती तरी राहील." त्यांनी त्याचा हात अजून सोडला नव्हता. "माझं काई चुकलं का, सर?"

मन्मथही त्याच भीतीनं पहाटे निघाला होता.

"तिचा मोबाईल..." तो कसाबसा म्हणाला. "तिला गाणी आवडतेत."

"तो दिला कुणाला तरी. सासरचे नको म्हणले." हणमंतरावांना यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. "जेवल्याबिगर जायचं न्हाई बरं का."

मंगलाष्टकं सुरू झाली. लाऊडस्पीकर मधेच कर्कश शिट्टी मारत होता. कुणीतरी मन्मथच्या मुठीत रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता ठेवल्या. स्टेजवर मुंडावळ्या बांधलेली एक बारीक मुलगी उभी होती. तिनं एकदाही मान वर केली नाही. जिवंत होती. त्याला हाक मारता येत नव्हती. आता नाव ठाऊक होतं, तरीही.

'सावधान' झालं तसा त्यानं हात उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून अक्षता फेकल्या. स्टेज लांब होतं. त्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या पागोट्यावर पडल्या. म्हाताऱ्यानं मागं न बघता त्या झटकल्या, आणि टाळ्या वाजवू लागला.