टेकडीचा पासपोर्ट फोटो

आमच्या स्टुडिओत येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतो. मी काही मोठी बघण्यासारखी आहे अशातला भाग नाही. आमचे हे कॅमेऱ्यामागे उभे राहतात आणि मी त्यांच्या डाव्या खांद्याशी लाल फडकं धरून उभी राहते. "इकडे बघा," म्हणते आणि फडकं एकदा हलवते. रांगणारी पोरं, रुसलेल्या आज्या, नोकरीच्या अर्जासाठी घामाघूम होऊन आलेले तरुण, सगळ्यांची नजर त्या फडक्यावर येऊन बसते आणि हे बटण दाबतात. सव्वीस वर्षं असंच चाललंय.

तर अशा या माणसाला छप्पन्नाव्या वर्षी निसर्गदृश्य काढायचं खूळ लागलं. त्याला कारण वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. त्या ओळखपत्राच्या फोटोसाठी आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "वाचायच्या खोलीला नवा रंग दिलाय. दारासमोरची भिंत मोकळी आहे. आपल्या मागच्या टेकडीचा एखादा मोठा फोटो द्याल का तिथे लावायला?"

यांनी मान डोलावली, पण बाईंची पाठ वळल्यावर खुर्चीत बसूनच राहिले. मग मला म्हणाले, "अगं, माझे फोटो आजवर लोकांच्या पाकिटात गेले, फायलीत गेले, कपाटात गेले. भिंतीवर एक नाही."

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून, तिपाई खांद्यावर टाकून टेकडीवर स्वारी. आल्यावर चार तास कॉम्प्युटरसमोर. मी चहा घेऊन गेले तर साहेब एक झाड पुसत होते.

"अहो, झाडाने काय घोडं मारलं तुमचं?"

"मागे काही नको. मागचं सगळं कसं स्वच्छ पाहिजे."

झाड गेलं, विजेचा खांब गेला, दोन पक्षी गेले, उतारावरच्या एका मोठ्या काळ्या दगडाचा तीळ काढावा तसा निकाल लावला. उरली फक्त टेकडी. बरोब्बर मधोमध, दोन्ही खांदे सारखे, डोक्यावर दोन बोटं आभाळ. मला त्यात काही खटकलं नाही, हे आधीच कबूल करते. शेवटी मीही त्याच दुकानातली.

ग्रंथपालबाईंनी फोटो समोर धरून चष्मा वर केला, खाली केला. त्यांना तोंडावर बोलायची सवय आहे. म्हणाल्या, "टेकडी परदेशी निघाली आहे का? नाही, पासपोर्टचा फोटो वाटतो म्हणून विचारलं."

मला हसू आवरेना. यांचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा कुठे मी पदर तोंडाला लावला.

त्या आठवड्यात यांची भाची राहायला आली. ती चित्रकला शिकते आणि जगातल्या प्रत्येक विषयावर तिचं मत असतं. तिने जेवणाच्या टेबलावर ताट सरकवलं आणि चार चमचे मांडून मामाची शिकवणी सुरू केली. दोन उभे, दोन आडवे.

"मामा, चित्राचे असे नऊ चौकोन करायचे. महत्त्वाची गोष्ट मधल्या चौकोनात कोंबायची नाही. जिथे चमचे एकमेकांना छेदतात ना, तिथे ठेवायची. आभाळ आणि जमीन निम्मी निम्मी वाटायची नाही, कुणाला तरी जास्त द्यायचं. आणि पुढे काहीतरी हवं, दगड, गवत, म्हणजे मागचं लांब वाटतं. पायवाट कोपऱ्यातून आत आणा. बघणारा तिच्यावरून चालत जातो."

"मामी जेवणार कशाने?" मी विचारलं. कुणी लक्ष दिलं नाही.

दुसरा फोटो खरंच सुरेख आला. पुढे ओलं गवत, खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली पायवाट, वळण घेत वर गेलेली, टेकडी एका बाजूला, वर भरपूर आभाळ. मी तर म्हटलं, झालं काम.

बाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. या खेपेला त्या टोचून बोलल्या नाहीत. "छान आहे हो. मी या वाटेने चालायला लागते, वळणापर्यंत जाते आणि मग कुठे जाऊ ते कळत नाही. नजर फिरत राहते आणि चित्राबाहेर निघून जाते." मग म्हणाल्या, "सोमवारी सुतार येतोय. तोपर्यंत दुसरा जमला तर आणा. नाहीतर तिथे घड्याळ लावते."

घड्याळ! घरी आल्यावर हे तिपाई माळ्यावर ठेवायला निघाले. मला इतका राग आला की मी ती हातातून हिसकावून घेतली. "रविवार आहे अजून. घड्याळाला हरणार का तुम्ही?"

रविवारी मीही बरोबर गेले. लोकरीच्या मोज्यांतसुद्धा पाय गारठले होते. यांनी कॅमेरा लावला, भिंगावर दव बसलं होतं ते माझ्या लाल फडक्याने पुसलं, फडकं मला परत दिलं, डोळा लावला आणि ओरडले, "शेळी!"

कुणाची तरी पांढरी शेळी पायवाटेच्या वळणावर येऊन चरत होती.

"असू दे की," मी म्हटलं.

"मागे काही नको!" सव्वीस वर्षांची सवय, आठ दिवसांच्या शिकवणीने थोडीच जाते. "हाकल तिला. पटकन, ऊन येतंय."

म्हणजे मी हाकलायची. पुटपुटत, घसरत निघाले. वळणावर पोचले आणि फडकं उगारून "हट्, हट्" केलं. शेळीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुणाच्या तरी फोटोत मध्ये आले आहे. मग सावकाश निघून गेली. मी परत वळले.

"थांब!" खालून हाक आली. "हलू नकोस!"

मला वाटलं साप. मी जागच्या जागी गोठले. "कुठेय?" मी ओरडले.

"तिथेच! तिथेच राहा! एक पाऊल डावीकडे. आणखी अर्धं. हनुवटी खाली!"

आता बघा, दोनशे पावलांवरून माझी हनुवटी! हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोरून ऊन उतारावर सरकत आलं आणि माझ्या हातातलं फडकं एकदम पेटल्यासारखं लाल झालं. हे मात्र कॅमेऱ्यामागे इतके गप्प उभे होते की नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "इकडे बघा!" आणि मी फडकं एकदा हलवलं.

खाली येऊन विचारलं, "निघाला?" यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. तीच पायवाट, तेच गवत, तेवढंच आभाळ. पण आता वाट वळणापर्यंत जात होती आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढी मी, मोहरीएवढं लाल फडकं घेऊन. नजर आत शिरली की तिथे जाऊन बसत होती. टेकडीसुद्धा अचानक केवढी मोठी दिसायला लागली.

"चमचे जिथे छेदतात, बरोब्बर तिथे," हे म्हणाले. मग कॅमेरा माझ्याच हातात ठेवून चष्मा पुसू लागले. "सव्वीस वर्षं मी तुला कॅमेऱ्याच्या चुकीच्या बाजूला उभं केलं गं."

मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि म्हटलं, "चला, पाय गारठलेत माझे."

सोमवारी बाईंनी फोटो हातात घेतला आणि लगेच सुताराला खूण केली. घड्याळ आता दाराच्या वर लागलंय, जिथे ते कुणालाच नीट दिसत नाही.

परवा वाचनालयात गेले होते. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आत आली. लेकराने खोलीभर पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि थेट त्या लाल ठिपक्याकडे बोट केलं. गेल्याच महिन्यात आमच्याकडे याचा फोटो काढताना मला नऊ वेळा फडकं हलवावं लागलं होतं.

मी जवळ गेले. फोटोखाली पितळी पट्टी बसवली होती. तिच्यावर काय लिहायचं ते यांनी परस्पर बाईंना सांगितलं होतं, मला पत्ता लागू दिला नव्हता. 'टेकडी, पायवाट आणि आमची ही.'