पाचव्या अंकानंतर

चौथ्या अंकाचा पडदा पडला तशा कमळाबाई सवयीने उठल्या आणि पायाने चपला चाचपू लागल्या.

"आई, कुठे निघालात?" सुनेने, मितालीने, व्हिडिओ थांबवला. "आपण घरीच आहोत."

खरेच की. कारेलीबागेतले स्वतःचे घर, दुपारचे तीन, आणि समोर टीव्हीवर चौऱ्याण्णव सालचे गणेशोत्सवातले नाटक. कमळाबाई पायात सरकवलेल्या चपलांसकट पुन्हा सोफ्यावर बसल्या, पण पाठ काही टेकेना.

त्यांचे यजमान सुभानराव जगताप घरोघरचे विजेचे मीटर तपासायचे. वर्षभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपणारा हा माणूस गणपतीतल्या एका दिवशी सेनापती व्हायचा. नाटक दरवर्षी तेच. शूर पण हलक्या कानाचा सेनापती चुगली ऐकून सख्ख्या भावाला मारतो आणि खरे कळल्यावर पाचव्या अंकात स्वतःच्याच तलवारीवर पडतो. नाटक बसवणारे वामनमास्तर दर तालमीला बजावत, "शोकांतिकेच्या नायकाला शत्रू नाही मारत रे, त्याची एक खोट मारते." सुभानरावांची खोट घरात सगळ्यांना पाठ होती. माणूस हेकट. एकदा मागून मिळाली नाही ती गोष्ट ते पुन्हा मागत नसत, मग ते पानातले मीठ का असेना.

लग्नानंतरच्या पहिल्याच नाटकाला सासूबाईंनी चौथा अंक संपताच कमळाबाईंना दंडाला धरून बाहेर नेले होते. "सवाष्णीने नवऱ्याचं मरण बघू नये. सोंगातलंसुद्धा." घरी आल्यावर सुभानराव एवढेच म्हणाले, "शेवट बघायला हवा होतास." त्या पाने वाढायला लागल्या. झाले, विषय मिटला. पुढे सासूबाई गेल्या तरी धाक राहिला. एकतीस वर्षे पाचवा अंक लागला की कमळाबाई कॉफीचा थर्मास घेऊन बाहेर सायकलींपाशी उभ्या. टाळ्या ऐकल्या की बाजूच्या दाराने आत शिरायच्या, आणि नेमके तेव्हाच सुभानराव प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायचे. आपली वेळ कधी चुकली नाही, याचा त्यांना मनातून केवढा अभिमान.

सुभानरावांना जाऊन आता वर्ष होत आले होते. दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला तेव्हाही कमळाबाई डबा आणायला घरी आलेल्या. म्हणजे खरे मरणही त्यांनी पाहिले नाहीच. सीडीचा जमाना आला म्हणून परवा लहरीपुऱ्यातला व्हिडिओवाला जुन्या कॅसेटी काढून टाकत होता, त्यात ही निघाली. मितालीच्या हातात ठेवून तो गुजरातीत म्हणाला, "बेन, आ तो सुभानकाकानुं नाटक छे. घेर लई जाव."

"बघवत नसेल तर बंद करते, आई. काही वांधो नाही."

कमळाबाईंनी मोकळ्या कपाळावरून हात फिरवला. "आता कशाला भ्यायचं? लाव."

सेनापती मेले. आरडाओरडा नाही, छाती पिटणे नाही. भावाचे नाव घेतले, कुशीवर वळले आणि गालाखाली हात घेऊन निजले.

"अगं, घरी असेच झोपायचे," कमळाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. एवढेच होते तर ते. याला आपण एकतीस वर्षे भ्यायलो.

टाळ्या झाल्या. पडदा पुन्हा उघडला तेव्हा मंडळी ओळीने उभी होती. भाऊ वाकला, राणी वाकली, चुगलखोरसुद्धा वाकला. सुभानराव मात्र ताठ. वामनमास्तर विंगेतून खुणा करत होते, टाळ्या विरत चालल्या होत्या, तरी हा हेकट माणूस बाजूच्या दाराकडे बघत तसाच उभा.

मग चित्राच्या कडेला ते दार उघडले. निळे पातळ, हातात थर्मास, लगबगीने आत येणाऱ्या कमळाबाई. आणि सुभानराव कमरेतून वाकले.



"मला वाटायचं, मीच वेळेवर पोचते," कमळाबाई म्हणाल्या. "एकदा बोलायचं तरी."

मितालीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "परत लावू?"

"मी आत येते ना, त्याच्या जरा आधीचं लाव."

कॅसेट मागे गेली. सुभानराव पुन्हा दाराकडे बघत उभे राहिले.

"इथे थांबव."

चित्र जरासे थरथरत थांबले. कमळाबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि सोफ्याला पाठ टेकली.