सगळं साफ

बर्फाच्या कारखान्यात त्याला सगळे नाकोजी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते पगाराच्या दिवसापुरतं बाहेर निघे. बर्फ गोठवायला अमोनियाचा गॅस लागतो, आणि हा गॅस एकदा मोकळा सुटला की माणसाला पळायला सवड देत नाही. नाकोजीला तो सगळ्यांच्या आधी कळायचा. कॉम्प्रेसरच्या खोलीचं दार उघडता उघडता तो म्हणे, "मागच्या पाइपचा नट ढिला झालाय," आणि नट ढिला निघे. असं नाक पदरी असल्यावर यंत्राची काय गरज? गॅस ओळखणारी एक घंटा भिंतीवर होती खरी. पण ती नुसतं दार उघडलं तरी बोंबलायची, म्हणून कुणीतरी तिची वायर काढून ठेवली होती. पुन्हा लावायचं काम 'बघू, बघू' करत राहून गेलं होतं.

घंटेच्या जागी एक रिवाज होता. पाळी बदलताना येणारा आणि जाणारा दोघं त्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहत. येणारा विचारी, "वास?" जाणारा एक लांब श्वास घेऊन म्हणे, "साफ." मग येणाराही श्वास घेई आणि म्हणे, "साफ." की झालं, शेजारच्या बाकावर एकाच मगातून चहा आणि गप्पा. गप्पा तरी कसल्या? ऊन किती वाढलंय, काल कोण जिंकलं, कंबर काय म्हणतेय. हे इतकी वर्षं चाललं की तो 'वास?' सुद्धा हळूहळू गप्पांतच जमा झाला. ऊन कसं, कंबर कशी, वास कसा. उत्तर ऐकायला कुणी थांबेनासं झालं.

दुपारच्या पाळीला यायचा तो रेडिओ. हे नाव का पडलं ते सांगायला नको. बोलायला लागला की बंद करायचं बटण सापडत नसे. नाकोजीची आणि त्याची ओळख केस काळे होते तेव्हापासूनची. पण रेडिओची थोरली मुलगी सासर सोडून कायमची परत आली, हे नाकोजीला कळलं ते गेटवरच्या माणसाकडून. कळल्यावर त्याने काय करावं? त्याने रेडिओला कालच्या मॅचबद्दल विचारलं. जखमेवर बोट ठेवलं नाही म्हणजे मैत्री टिकते, अशी दोघांचीही पक्की समजूत होती.

थंडीत तापाची साथ आली. एका मगातून चहा पिणारे तिघं, म्हणजे नाकोजी, रेडिओ आणि रात्रपाळीचा लंबू, एकाच आठवड्यात आडवे झाले आणि पाठोपाठ उठून कामावरही आले.

"ठणठणीत?"

"ठणठणीत."

विषय संपला. नाकोजीचा मात्र संपला नव्हता. सुट्टीच्या एका सकाळी तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसला होता आणि शेगडीवर दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं. बायको अंगणातून धावत आली. "अहो, घरभर धूर झालाय! नाकात बोळे घातलेत का?" त्याने मान वर केली तेव्हा त्याला धूर दिसला. वास आला नव्हता. त्या दिवशी त्याने घरातलं सगळं हुंगून पाहिलं. कांदा, साबण, रॉकेलचा डबा, स्वतःचे बूट. काही नाही. सगळीकडे नुसतं पाणी हुंगल्यासारखं.

"साहेबांना सांगून टाका," बायको म्हणाली.

"आणि मग? गेटवर बसवतील. गेटवर बसलेल्याला कोण नाकोजी म्हणेल?"

"कोणी नाही म्हणालं तर काय अंगाला भोकं पडतील?"

त्याने स्वतःची समजूत घातली होती, आणि ती वरवर पाहता अगदीच वेडगळ नव्हती. रेडिओ आहे, लंबू आहे. दोन धडधाकट नाकं रोज त्या दारात श्वास घेतात. तिसरं बिघडलं तर कुठे आभाळ कोसळणार आहे? आज ना उद्या येईलच वास परत. तोवर तो उंबऱ्यात छाती भरून श्वास घेई, डोळे मिटून जरा थांबे आणि म्हणे, "साफ." नाटक चांगलं वठत होतं. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा त्याने समोरच्याची नजर चुकवली होती. नंतर तेही करावं लागेना, आणि खरं भ्यावं ते इथेच.

मोठी गोष्ट अशी, की त्याची लेक भिंतीपलीकडे होती. कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून बर्फाच्या लाद्या बाहेर जायची जागा होती आणि तिथल्या खिडकीत ती पावत्या लिहायला बसे. आत बायका बर्फ फोडून पोत्यांत भरत. भिंतीत वरच्या अंगाला हवेसाठी एक झरोका होता. रोज पाणी प्यायला जाताना लेक बापाच्या दाराशी डोकावे. "बाबा, सगळं ठीक?" तो म्हणे, "ठीक." ती पुढे जाई.

त्या सकाळी बायकोने डबा हातात दिला, पण सोडला नाही. "आज त्या रेडिओला तरी सांगा. नाहीतर उद्या मीच गेटवर येऊन उभी राहते. लेक आहे आपली तिथे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने नेहमीसारखा उडवून लावला असता.

कारखान्याची मांजर रोज कॉम्प्रेसरच्या खोलीच्या कोमट कट्ट्यावर पसरलेली असे. त्या दिवशी ती नव्हती. तिच्या वाटीतलं दूध तसंच होतं, वर साय धरलेली. आदल्या दिवशीही ती दिसली नव्हती, हे त्याला तेव्हा आठवलं. कुठेतरी व्यायला गेली असेल, असं त्याने ठरवून टाकलं. पाळीभर तो डोळ्यांनी आणि कानांनी काम करत राहिला, काटे पाहत, नटांवर हात फिरवत. पण कॉम्प्रेसरच्या धडधडीत कान काय सांगणार? लेक डोकावली. आज ती नेहमीपेक्षा जरा जास्त रेंगाळली. "बाबा, सगळं ठीक ना?" तो काट्यावरची नजर न काढता म्हणाला, "ठीक."

दुपारी रेडिओ आला तो बोलतच. "काय ऊन आहे रे! डांबर चपलेला चिकटतंय. वास?"

"साफ," नाकोजीच्या तोंडून निघूनही गेलं.

रेडिओने श्वास घेतला. "साफ. चल, चहा ओत."

दोघं बाकावर बसले. दार मागे अर्धवट उघडं होतं. रेडिओने डबा मांडीवर ठेवला. पूर्वी रेडिओ डबा न उघडता हुंगून आत काय आहे ते सांगायचा आणि पैज जिंकायचा. हल्ली त्याने तो खेळ सोडला होता. पोरीच्या काळजीने मन लागत नसेल, असं नाकोजीला वाटायचं.

"ऐक ना," नाकोजी म्हणाला.

"ऐकतोय. काल शेवटच्या मिनिटाला—"

"मॅच राहू दे."

"बरं, कंबर कशी आहे?"

"कंबरही राहू दे रे!" तो जवळजवळ ओरडलाच. रेडिओ गप्प झाला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या शांततेत मागची धडधड एकदम मोठी वाटू लागली. "मला वास येत नाही. तापापासून. कसलाच नाही. मी रोज तुला खोटं सांगतोय."

रेडिओने चहाचा मग खाली ठेवला. नाकोजीला वाटलं, आता हा उठेल आणि थेट साहेबांकडे जाईल. जाऊ दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

"तुझ्यावर मी निर्धास्त होतो रे," नाकोजी पुढे म्हणाला. "म्हटलं, माझं गेलं तरी रेडिओचं आहे."

"आणि मी म्हणत होतो," रेडिओ हळू म्हणाला, "नाकोजी आहे ना."

"म्हणजे?"

"मलाही येत नाही. त्याच तापापासून. पोर घरी बसलीय, तिचं लेकरू आहे. नोकरी गेली तर कुणाच्या दारात जाऊ? म्हणून बोललो नाही. तुझ्यापाशी तरी बोलायला हवं होतं."

"पोरीचं मला माहीत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला आवडणार नाही म्हणून."

"मी तर वाट बघत होतो, कुणी विचारेल म्हणून," रेडिओ म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. नाकोजीच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन म्हातारपणाकडे झुकलेले बाप्ये बाकावर बसून घळाघळा रडत होते आणि कुणालाच लाज वाटत नव्हती. उलट बरं वाटत होतं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं. रेडिओ पोरीबद्दल बोलत गेला, ती रात्र रात्र कशी बसून राहते, जेवत कशी नाही. नाकोजीने बाहीने डोळे पुसले. पुन्हा पुसले. पाणी थांबेना.

"माझा बाप गेला तेव्हाही एवढा रडलो नव्हतो," रेडिओ म्हणाला आणि खोकला.

नाकोजीला हसू आलं. ते हसू घशातच अडकलं. घसा चुरचुरत होता. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग होत होती, आणि रडताना अशी आग कधी होत नाही. त्याने रेडिओकडे पाहिलं. रेडिओचे डोळे लालबुंद झाले होते. तोही याच्याकडेच पाहत होता. मग दोघांनी एकदमच मागच्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं.

"ऊठ!" नाकोजी म्हणाला.

रेडिओने भिंतीवर टांगलेला, गॅसपासून वाचवणारा मुखवटा ओढून तोंडावर चढवला आणि मोठा व्हॉल्व्ह बंद करायला आत धावला. नाकोजीने बाहीवर पाणी ओतून ती तोंडाशी धरली आणि भिंतीपलीकडच्या दारावर लाथा घातल्या. "बाहेर! सगळ्या बाहेर! वाऱ्याच्या उलट पळा!" बायका पोती टाकून पळाल्या. लेक सगळ्यांत शेवटी आली, भिंतीचा आधार घेत, ओकत. त्याने तिला खांद्यावर टाकलं. हे बळ कुठून आलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

पटांगणात पाण्याच्या नळाखाली तो तिचं तोंड धूत राहिला. मागून रेडिओ आला, मुखवटा काढला आणि जमिनीवर बसून धापा टाकू लागला. व्हॉल्व्ह बंद झाला होता. सगळी माणसं बाहेर होती.

लेकीला श्वास मिळाला तसं ती म्हणाली, "बाबा, परवापासून येत होता वास. झरोक्यातून. बायका म्हणत होत्या, सांगू या का. मी म्हटलं, बाबा आहेत आत, त्यांना कळलं नाही असं होईल का?" ती खोकली. "मी विचारलं ना तुम्हाला आज? सगळं ठीक ना म्हणून?"

त्याने तिच्या केसांवरून गळणारं पाणी पुसलं. तिने विचारलं होतं. रोज विचारलं होतं.

तोवर साहेब धावत आले. आधी माणसं पाहिली, मग या दोघांच्या पाठीवर हात ठेवला. "वाचवलंत रे बाबांनो! आधी वास कुणाला आला?"

रेडिओने नाकोजीकडे बोट केलं. नाकोजीला कळलं, हा माझी नोकरी वाचवतोय. स्वतःची पणाला लावून. लेक बापाकडे पाहत होती.

"कुणालाच नाही," नाकोजी म्हणाला. "मला वास येत नाही, साहेब. तापापासून येत नाही."

"मलाही नाही," रेडिओ म्हणाला.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. दोघांनी घरी जावं, पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले. घंटेबद्दल कुणीतरी हळूच विचारलं तर म्हणाले, उद्या माणूस बोलावतो. कोठारात एवढा बर्फ पडलाय, तो वितळू द्यायचा का? गळका नट बदलून यंत्र आज सुरू करायचंच. "लंबू आहे ना. तो सांभाळेल रात्र."

लंबूला बोलावणं गेलं होतं. दिवस मावळायच्या आत तो डबा घेऊन गेटातून आला, लांब लांब टांगा टाकत, आणि बाकाजवळ थांबला. मगात चहाचा गाळ तसाच होता. नाकोजी अजून घरी गेला नव्हता. बातमी कळून आलेल्या बायकोने लेकीला रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं, तरी त्याचा पाय निघत नव्हता. तो लंबूसमोर जाऊन उभा राहिला.

"लंबू," तो म्हणाला, "माझ्याकडे बघ. खरं सांग. तुला वास येतो का?"

लंबूने कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग मान वर करून तो आभाळ निरखू लागला.

"आज फार उकडतंय, नाही?" तो म्हणाला.