माझ्यावाला कर्नल

भूपेशचं नाव काढलं का माझ्या पोटात आग लागते. लपवून ठेवायची गोष्ट नाही, अख्ख्या आंधळगावले माहीत आहे. भूपेश म्हणजे माझ्या बायकोचा, खुशबूचा, आतेभाऊ. बपेरा गावचा. नागपूरले कम्प्युटरच्या कंपनीत नोकरीवर आहे. आमच्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, म्हणून त्याच्या मायनं, सखाबाईनं, खुशबूले लहानपणीच मागून ठेवलं होतं. पण साहेब म्हणाले, आधी नोकरी लागू द्या, मंग लग्नाचं पाहू. सासऱ्यानं वाट पाहून पाहून शेवटी पोरगी मले देऊन टाकली. म्हणजे मी काय, तं दुसरा नंबर! तोंडावर कोणी म्हणत नाही, पण लग्नाच्या पंगतीत बायका कुजबुजून राहिल्या होत्या ते मी या कानानं आयकलं.

बरं, सोयरीक नाही झाली तं नाही झाली, फोन तरी बंद व्हावा का नाही? कायचा बंद होते! मोबाईलमध्ये जागा नाही उरली, विचार भूपेशले. टीव्हीवर चॅनल दिसून नाही राहिला, विचार भूपेशले. अरे, माझं स्वतःचं कम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे बस स्टँडवर! बोर्डावर हातभर अक्षरात लिहून आहे. नवरा रिपेअरिंगवाला आन् बायको सल्ला नागपूरवरून मागवते. कोणाले राग नाही येणार, तुमीच सांगा.

धानाच्या मोसमात खुशबू सोसायटीच्या खरेदी केंद्रावर ऑपरेटर असते. शेतकऱ्याचा सातबारा स्कॅन करायचा, नोंद घ्यायची, टोकन द्यायचं. तिचा जीव आहे त्या कामात. घरी चार वेळा हाक मारली तरी उठत नाही, पण केंद्रावर जायचं म्हटलं का सूर्य उगवायच्या आत वेणी घालून तयार. लोक तिले 'मॅडम' म्हणतेत, ते तिले लय गोड लागते. मलेही लागते, खोटं कायले बोलू.

तिथला कम्प्युटर कोण्या जमान्यातला. त्यात विंडोजच्या जागी फुकटवालं लिनक्स मीच टाकून दिलं होतं. यंदा म्हटलं, याले आणखी हलकं करू. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मशीनच्या एकएका भागाशी बोलणं त्याचं काम. कंपनीवाला कर्नल दुनियाभरच्या मशीनींचे ड्रायव्हर, म्हणजे त्या भागांशी बोलायचे दुभाषी, पाठीवर घेऊन फिरते. आपल्याले एवढं ओझं कायले? मी बसलो, एकेक ओळ वाचली, नको ते उडवलं आन् आपल्या हातानं नवा कर्नल बनवला. त्याच्या नंबरापुढे इंग्रजीत 'कैलाश' जोडून दिलं. हो, माझं नाव! लोक मंदिरात पंखा देतेत तं पात्यावर नाव टाकतेत. मी तं अख्खा कर्नल दिला होता.

मशीन चालू व्हायले एकदम झटक्यात. पण सातबारा सेव्ह करा म्हटलं का डिस्कचा लाल दिवा जो लागे तो इझेच ना. पडदा जागच्या जागी गोठून जाय. एका शेतकऱ्याची नोंद होईपर्यंत मागचा माणूस तंबाखूचा खर्रा घोटून, खाऊन, थुंकून परत येऊन उभा. ट्रॅक्टरची लाईन पार रोडावर गेली. शिव्या खायले कोण? खुशबू.

सोसायटीचे अध्यक्ष वासुदेवराव सकाळीच तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, असं नाही जमायचं. आज संध्याकाळपर्यंत लाईन नाही सरकली तं उद्यापासून मोहाडीचा ऑपरेटर बोलावतो. लॅपटॉपही त्याचा, मोसमभर कामही त्याचंच."

खुशबूनं मले फोन केला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. मी दुकान उघडं टाकून पेचकस घेऊन धावलो. मनातून खुशच होतो मी, खरं सांगतो. मले बोलावलं होतं, त्याले नाही!

डिस्कचा वेग मोजला. सेकंदाले तीन एमबी! बैलबंडी परवडली. मले लगेच समजलं, डीएमए बंद आहे. म्हणजे काय, तं डिस्कवरचा माल सरळ मेमरीत उतरायची सोय बंद. मंग बिचारा प्रोसेसर हमालावानी एकएक पोतं डोक्यावर घेऊन पळते आन् बाकी सगळं काम ठप्प. म्हटलं, हे तं चुटकीचं काम. डीएमए चालू करायची कमांड मारली. मशीन म्हणते, ऑपरेशन नॉट परमिटेड. आणखी मारली. तेच. वा रे वा! मी रूट, मशीनचा मालक, आन् मलेच परवानगी नाही!

"भूपेशले विचारू का जी?" खुशबू हळूच म्हणाली.

"काही गरज नाही. केबल ढिली असन."

"पण संध्याकाळपर्यंत..."

"मी मेलो का?" मी असा खेकसलो का लाईनीतला धनीराम दचकून पाहू लागला. मंग टॉर्च दातात धरून मी टेबलाखाली घुसलो, डब्बा उघडला आन् केबल तपासू लागलो. खाली सगळा धानाचा कोंडा आन् उंदराच्या लेंड्या.

वरून आवाज आला, "बोल वं खुशबू."

लावलाच होता तिनं फोन! दोन्ही हात कीबोर्डावर पाहिजेत म्हणून स्पीकरवर. "भूपेश, वाचव रे बाबा," ती म्हणाली आन् रडवेली होती ती हसली. मले म्हणाली का कधी, वाचव रे बाबा? मी टॉर्च चावून धरला.

तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पहिले कर्नल कोणता आहे ते सांग. यूनेम टाक, काय येते ते वाच."

तिनं टाकलं. नंबर वाचले. आन् थांबली.

मले खालून तिचे पाय तेवढे दिसत होते. जोडव्याचं बोट तिनं फरशीवर घट्ट दाबलं होतं. पुढे काय लिहून आहे ते मले माहीत होतं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आजकालच्या पोरी घेतेत, पण खुशबू नाही. मले ती 'आयकता का जी' म्हणते, दुसऱ्यापाशी 'आमच्या घरचे' म्हणते. आन् टेबलासमोर पहिल्याच नंबरात माझी सख्खी काकी सीताबाई सातबारा घेऊन उभी, बाजूले म्हातारा केवळराम. एवढ्या लोकांत ती नाव घेईन कशी?

"पुढे काय आहे?" भूपेशनं विचारलं.

"पुढे काही नाही."

"म्हणजे कंपनीवालाच कर्नल आहे. मंग त्यात सगळ्या चिपसेटचे ड्रायव्हर राहतेतच." त्यानं तिले तीच कमांड मारायले लावली. परत तेच, ऑपरेशन नॉट परमिटेड. "कंपनीच्या कर्नलवरही डीएमए लागत नाही ना, मंग बोर्ड तरी गेला नाही तं डिस्क तरी. काही उपाय नाही खुशबू. फेकून दे ते भंगार."

आन् इकडे टेबलाखाली माझ्या डोक्यात उजेड पडला. डब्याच्या बाहेर स्टिकर एका कंपनीचं, आन् टॉर्चच्या उजेडात बोर्डावरच्या चिपसेटवर, डिस्कचा माल हाकणाऱ्या चिपवर, नाव दुसऱ्याच कंपनीचं! मी स्टिकर पाहून ड्रायव्हर ठेवला होता आन् खरा पाहिजे तोच उडवला होता, मंग डीएमए लागन कसा? बोर्ड चांगला, डिस्क चांगली. बिघाड माझ्यावाल्या कर्नलमध्ये होता.

तवाच बाहेर येऊन बोलायले पाहिजे होतं म्हणता? तुमाले सोपं आहे म्हणायले. माझ्या मनात त्या वक्ती एकच गोष्ट नाचत होती. भूपेश चुकला! नागपूरवाला, हक्कवाला भूपेश सगळ्या गावासमोर चुकला! असं वाटलं का इथंच कोंड्यात लोळण घ्यावी. मी टॉर्च इझवला आन् आणखी थोडं आयकू म्हणून गप बसलो.

पण 'फेकून दे' मी एकट्यानंच आयकलं नव्हतं. वासुदेवराव म्हणाले, "झालं तं मंग. मोहाडीवाल्याले लावतो फोन." त्याहीचे जोडे दाराकडे वळले.

"थांबा जी!" खुशबू उठली. खुर्ची मागे सरकली, तिचा पाय माझ्या बोटावरून गेला. "भूपेश, फोन नको ठेवू. पुढे लिहून आहे. मी वाचलं नाही."

"काय लिहून आहे?"

जोडव्याचं बोट तिनं फरशीवरून उचललं.

"कैलाश," ती म्हणाली. आन् मंग एका दमात, "कैलाशवाला कर्नल आहे. कैलाशनं बनवला. तो टाकला तवापासूनच हळू चालून राहिलं."

"अवो माय!" सीताकाकी म्हणाली. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

लग्न झाल्यापासून मी वाट पाहत होतो का कधीतरी, दोघंच असताना, हिच्या तोंडून माझं नाव आयकीन. आयकलं. कोंड्यात बसून आयकलं. ती ते भूपेशले सांगत होती, कम्प्युटरची बिमारी म्हणून.

तिकडून तो हसला. "अस्सं आहे! मंग कैलाशले ठेव बाजूले. मशीन बंद करून चालू कर, मेनूत खाली कंपनीवाला जुना कर्नल असन, तो निवड."

तिनं निवडला. सीताकाकीचा सातबारा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सेव्ह झाला. मंग धनीरामचा, मंग केवळरामचा. लाईन सरकली. वासुदेवरावांनी फोन खिशात ठेवला आन् म्हणाले, "हां, असं पाहिजे मॅडम." मी टेबलाखालून निघालो, केसात कोंडा घेऊन. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी ती भाजी चिरत होती. मी उगाच पाणी प्यायले स्वयंपाकघरात गेलो.

"तुमाले खाली आयकू येत होतं ना?" तिनं वर न पाहता विचारलं.

"येत होतं."

"काय बिघडलं ते समजलंही होतं. टॉर्च इझवला तो दिसला मले."

एवढ्या टॉर्चनिशी बसलेला माणूस काय म्हणन? मले एकदम संतापच आला. "आन् तू दिवसभर भूपेश भूपेश करते ते? त्याचं नाव सुटते का तुझ्या तोंडून?"

तिनं विळी आडवी केली. "भूपेशचं नाव घ्यायले मले काय लागते? मी दूधवाल्याचंही घेते, ट्रॅक्टरवाल्याचंही घेते. घ्यायचं नाही असं एकच नाव होतं माझ्यापाशी. ते आज चारचौघात काढा लागलं. तुमी एक शब्द बोलले असते तं नसतं काढा लागलं."

मी पाण्याचा गिलास तसाच ठेवून बाहेर आलो. तवा मनात भूपेशसुद्धा नव्हता.

रात्री जेवण झालं. सकाळी उठून मी दुकानात गेलो, चिपसेटचा ड्रायव्हर टाकून कर्नल नव्यानं बनवला, नावाचं शेपूट कापून टाकलं आन् पेन ड्राईव्ह घेऊन घरी आलो. म्हटलं, तिच्या हातात द्यावा. ती केंद्रावर निघायच्या घाईत होती. माय अंगणात धान निसत बसली होती.

"कैलाश, चहा झाला," खुशबू आतून म्हणाली.

कसं म्हणाली! न अडता, न लाजता, दूधवाल्याले हाक मारावी तसं. माय हातातलं सूप थांबवून माझ्याकडे पाहू लागली. मी आत गेलो, आवाज खाली करून म्हटलं, "खुशबू, आयकता का जी म्हण ना वं."

तिनं माझ्या हातातून पेन ड्राईव्ह घेतला, पर्समध्ये टाकला.

"थंडा होईन, कैलाश. घ्या पिऊन," ती म्हणाली आन् चप्पल घालून कामावर निघून गेली.